चर्चावर्गातील मौन



महाराष्ट्राची व्याख्यानाची परंपरा मोठी आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे गावोगावी व्याख्यानमाला निघाल्या. वक्त्याचे ऐकायचे, टाळ्या द्यायच्या, आभारप्रदर्शन झाले की घरी जायचे, ही रीत समाजाच्या अंगवळणी पडली. त्या मानाने चर्चेची परंपरा दुबळी राहिली. वास्तविक तिचा आरंभही तितकाच जुना आहे. महात्मा फुल्यांचे १८७३ सालचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपात आहे. धोंडीबा शंका काढतो, खुलासा मागतो आणि त्यामुळे विचार पुढे सरकतो. ज्याला पिढ्यान् पिढ्या केवळ ऐकून घेण्याचे काम दिलेले होते त्याच्या तोंडी प्रश्न घालणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तरीही धोंडीबाचे अनुयायी थोडे झाले आणि वक्त्यांचे पुष्कळ.

या जुन्या उणिवेची आठवण आज करावी लागते, याला एक निमित्त आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, शाळा-महाविद्यालयांना कुलपे लागली आणि शिक्षण एका रात्रीत मोबाइलच्या पडद्यावर गेले. शाळा पुढे उघडल्या. पण पडद्यावरचा वर्ग काही गेला नाही. मुक्त विद्यापीठांचे अभ्यासक्रम, शिक्षकांची प्रशिक्षणे, महिला मंडळांच्या बैठका आणि कार्यकर्त्यांचे अभ्यासवर्गसुद्धा आता अनेक ठिकाणी ऑनलाइन भरतात. प्रवासखर्च वाचतो, गडचिरोलीचा आणि सिंधुदुर्गचा कार्यकर्ता एकाच वेळी हजर राहू शकतो, हा लाभ खराच आहे. परंतु हजर राहणे निराळे आणि सहभागी होणे निराळे. पन्नास जण हजर असतात, त्यांतले चार जण बोलतात आणि शेवटी ‘चर्चा छान झाली’ असे म्हणून वर्ग संपतो. उरलेल्या शेहेचाळीस जणांचे काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आज विचार करायचा आहे तो या प्रश्नाचा. चर्चा चालवणे ही शिकण्याची विद्या आहे आणि ऑनलाइन वर्गात ती नव्याने शिकावी लागते, हे एकदा मान्य झाले म्हणजे पुढचा मार्ग सापडू लागतो.

दिसणारे आणि न दिसणारे मौन

सभागृहात किंवा झाडाखाली भरलेल्या वर्गात मौन दिसते. मागच्या रांगेतली बाई काही बोलायला म्हणून पुढे सरकते आणि पुन्हा मागे होते. कोणी शेजाऱ्याच्या कानात कुजबुजतो. कोणाच्या कपाळावर आठी उमटते. अनुभवी संयोजकाची नजर तेथे जाते आणि तो म्हणतो, “तुम्हांला काही म्हणायचे आहे असे दिसते.” पडद्यावर यातले काहीच उरत नाही. तेथे असते ती एक काळी चौकट आणि तिच्यावर लिहिलेले नाव. त्या चौकटीमागचा माणूस विचारात पडला आहे, की त्याचा डेटा संपला आहे? तो सहमत आहे, की रागावला आहे? घरात एकच खोली असल्यामुळे त्याला माइक सुरू करता येत नाही काय? की फोन धाकट्या भावाचा असून तो परत मागायला दारात उभा आहे? ही सर्व मौने एकमेकांहून भिन्न आहेत; पडद्यावर मात्र ती एकसारखी दिसतात. आणि जे वेगवेगळे असून एकसारखे दिसते, त्याचा अर्थ संयोजक आपल्या सोयीने लावतो. ‘कोणाला शंका नाही, म्हणजे सर्वांना समजले’, असा तो सोयीचा अर्थ असतो.

या मौनाला भौतिक पाया आहे, हे विसरता कामा नये. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, देशातील साधारण २४ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली. शहरी भागात हे प्रमाण ४२ टक्के होते, तर ग्रामीण भागात अवघे १५ टक्के. संगणक असलेली कुटुंबे ग्रामीण भागात ४ टक्क्यांच्या आसपास होती. दोनच वर्षांनी संपूर्ण देशाचे शिक्षण ज्या पायावर उभे करण्यात आले, तो पाया हा असा होता. त्यानंतर जोडण्या पुष्कळ वाढल्या, मोबाइल खेडोपाडी पोहोचले. परंतु जोडणी घराला मिळाली म्हणजे घरातल्या प्रत्येकाला मिळाली असे होत नाही. घरातला फोन प्रथम कर्त्या पुरुषाचा, मग मुलाचा आणि वेळ उरला तर मुलीचा, हा क्रम ठाऊक असलेल्या कार्यकर्त्याला वर्गातील मुलींच्या मौनाचे कारण शोधायला लांब जावे लागणार नाही.

एका प्रयोगाचा इतिहास

दुरून शिकणाऱ्या माणसांना एकमेकांशी बोलते कसे करावे, हा प्रश्न २०२० साली प्रथम उपस्थित झाला असे नाही. त्याचा एक महत्त्वाचा इतिहास ब्रिटनमध्ये घडला, आणि तो समाजवादी चळवळीच्या इतिहासाचाही भाग आहे. स्कॉटलंडमधील एका खाणकामगाराची मुलगी असलेल्या जेनी ली या मजूर पक्षाच्या मंत्री होत्या. हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारात त्यांनी मुक्त विद्यापीठाची योजना नेटाने पुढे नेली. पुष्कळांनी तिची थट्टा केली. जेनी ली यांनी एका मुद्द्यावर तडजोड केली नाही: प्रवेशासाठी पूर्वीच्या परीक्षेची अट नको, पण शिक्षणाचा दर्जा मात्र इतर विद्यापीठांच्या तोडीचा हवा. १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांनी शिक्षणाला आरंभ केला. भारतात १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, त्यामागे याच प्रयोगाची प्रेरणा होती.

दार उघडे झाले, पण आत आलेला विद्यार्थी एकटा होता. टपालाने पुस्तके येत, रेडिओ-दूरदर्शनवर पाठ लागत. शंका विचारायला शेजारी कोणी नसे. विद्यापीठाने जागोजागी शिकवणी-शिक्षक नेमले ते या एकटेपणावर उपाय म्हणून. १९८८ साली एका अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना संगणकाच्या जाळ्यातून परस्परांशी लेखी चर्चा करण्याची सोय देण्यात आली. लवकरच असे दिसून आले की यंत्र जोडून दिल्याने माणसे आपोआप बोलू लागत नाहीत. लिहिणारे थोडे असतात. नुसते वाचणारे आणि न फिरकणारे अधिक.

याच विद्यापीठात काम केलेल्या गिली सॅमन यांनी या अनुभवांवर विचार करून २००० साली एक पुस्तक लिहिले आणि ऑनलाइन चर्चेच्या पाच पायऱ्या मांडल्या. पहिली पायरी प्रवेशाची: माणूस तांत्रिक अडचणी ओलांडून आत आला पाहिजे आणि त्याचे स्वागत झाले पाहिजे. दुसरी ओळखीची: समोर कोण कोण आहेत, त्यांच्यावर विश्वास टाकता येईल का, याची खात्री. तिसरी माहितीच्या देवाणघेवाणीची. चौथी पायरी मतांच्या घुसळणीतून नवा विचार घडण्याची आणि पाचवी त्या विचाराच्या आधारे स्वतंत्रपणे पुढे जाण्याची. हा क्रम पाहिला म्हणजे बहुतेक वर्गांचे दुखणे ध्यानात येते. पहिल्या दोन पायऱ्या गाळून संयोजक एकदम चौथ्या पायरीवर उडी मारतो, आणि कोणी बोलत नाही म्हणून विद्यार्थ्यांना बोल लावतो. जेथे परस्परांची नावेही ठाऊक नाहीत, तेथे मतभेद व्यक्त करण्याचे धाडस कोण करील? शिबिरात रात्रीच्या जेवणाला एका पंगतीत बसल्यावर जे आपोआप घडते, ते पडद्यावर योजून घडवावे लागते. पहिल्या वर्गातील अर्धा तास एकमेकांच्या ओळखीत गेला तर तो वाया गेला असे समजू नये. मात्र ‘नाव, गाव, शिक्षण सांगा’ अशी रूक्ष ओळख नको. शिक्षण विचारले की कमी शिकलेला तेथेच खचतो. ‘या विषयाशी तुमचा संबंध कोठे आला?’ असा प्रश्न विचारला, तर शेतमजूर स्त्री आणि पदवीधर तरुण दोघेही एका पातळीवर उभे राहून उत्तर देऊ शकतात.

बोलका संयोजक आणि मुका वर्ग

दुसरा प्रश्न संयोजकाने स्वतः किती बोलावे हा आहे. ऑस्ट्रेलियातील स्विनबर्न विद्यापीठाच्या ऑनलाइन खगोलशास्त्र अभ्यासक्रमात लेखी चर्चा चालत. मार्गारेट मॅझोलिनी आणि सारा मॅडिसन यांनी त्या चर्चांचा अभ्यास करून २००३ साली निष्कर्ष मांडले. शिक्षक जितके अधिक लिहीत, तितके विद्यार्थी कमी लिहीत आणि चर्चेची साखळी लवकर तुटे, असे त्यांना आढळले. याची दुसरी बाजूही त्यांनी नोंदवली आहे: वरचेवर लिहिणारे शिक्षक विद्यार्थ्यांना अधिक उत्साही आणि जाणकार वाटत. म्हणजे शिक्षकाची वाहवा होते आणि चर्चा मात्र मरते! संयोजकाला लावणारा मोह नेमका येथे आहे. प्रत्येक शंकेला तत्परतेने आणि विद्वत्तेने उत्तर देणारा माणूस लोकप्रिय होतो. पण त्याने उत्तर दिले की इतरांना विचार करण्याचे कारणच उरत नाही. अखेरचा शब्द उच्चारला गेल्यावर पुढे कोण बोलणार?

यावरून संयोजकाने तोंडाला कुलूप लावावे असा अर्थ काढणे चूक होईल. ज्याचा मागमूस लागत नाही असा संयोजकही वर्गाला अनाथ करतो. प्रश्न किती बोलावे एवढाच नसून केव्हा आणि कशासाठी बोलावे हा आहे. कोणी शंका काढली तर स्वतः उत्तर न देता, ‘हा अनुभव आणखी कोणाला आला आहे काय?’ असे विचारून ती शंका वर्गाच्या स्वाधीन करावी. दोघांचे म्हणणे परस्परविरोधी असेल तर तो विरोध स्पष्ट शब्दांत मांडावा. माहिती चुकीची असेल तर ती दुरुस्त करावी; पण एक-दोघांना ती तपासण्याची संधी देऊन मग. अशा बोलण्याने चर्चेचे दार उघडे राहते.

येथे मौनाच्या कालावधीचाही विचार केला पाहिजे. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली आणि १९७० च्या दशकात असे दाखवून दिले की प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात. तेवढ्यात उत्तर आले नाही तर ते प्रश्न पुन्हा विचारतात किंवा दुसऱ्याकडे वळतात. हेच शिक्षक तीन सेकंद किंवा अधिक थांबू लागले तेव्हा उत्तरे लांबली, न बोलणारी मुले बोलू लागली आणि मुलांनी स्वतः प्रश्न विचारण्याचे प्रमाणही वाढले. रो यांचे आणखी एक निरीक्षण अंतर्मुख करणारे आहे: शिक्षक ज्यांना हुशार समजत, त्यांच्यासाठी अधिक वेळ थांबत, ज्यांना मठ्ठ समजत, त्यांच्यासाठी कमी. म्हणजे ज्याला वेळाची गरज जास्त, त्याच्या वाट्याला तो कमी! पडद्यावर तर आवाज पोहोचायलाच विलंब होतो, माइक सुरू करायला वेळ लागतो. तेथे तीन सेकंदही अपुरे आहेत. त्यापेक्षा प्रश्न विचारून, ‘दोन मिनिटे कोणीही बोलू नये, प्रत्येकाने आपल्या वहीत दोन ओळी लिहाव्यात’, असे सांगणे हा साधा आणि परिणामकारक उपाय आहे. त्या दोन मिनिटांत तल्लख आणि सावकाश विचार करणारा एका रेषेवर येतात. लिहिलेले समोर असले की बोलण्याची भीती निम्मी होते.

नाव पाहून दिलेले उत्तर

चर्चेतील विषमतेचे सर्वांत बोचरे रूप आणखी पुढे आहे. अमेरिकेतील काही संशोधकांनी १२४ ऑनलाइन अभ्यासक्रमांत एक प्रयोग केला आणि २०१८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी चर्चेत काल्पनिक विद्यार्थ्यांच्या नावाने शंका मांडल्या. कोणती शंका कोणत्या नावाने जाईल हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवलेले होते. नावे मात्र अशी निवडलेली होती की त्यांवरून वंश आणि लिंग सूचित व्हावे. गोऱ्या पुरुषाचे वाटणाऱ्या नावाने विचारलेल्या शंकेला शिक्षकांकडून उत्तर मिळण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत ९४ टक्क्यांनी अधिक आढळली. चेहरा दिसत नव्हता, आवाज ऐकू येत नव्हता. फक्त नाव दिसत होते. यातल्या कोणत्या शिक्षकाने ‘मी भेदभाव करतो’ असे कबूल केले असते? बहुधा कोणीच नाही. भेदभाव करण्यासाठी दुष्ट असावे लागत नाही. बेसावध असणे पुरते.

हा अमेरिकेतील अनुभव झाला. पण भारतीय वाचकाला त्याचा अर्थ समजावून सांगायला नको. येथे पडद्यावरचे आडनाव जात सांगते, नाव धर्म सांगते आणि बोलीचा हेल गाव सांगतो. सभागृहात निदान नावाची पाटी गळ्यात नसते. पडद्यावर ती प्रत्येकाच्या चौकटीत लटकलेली असते. २०२१ च्या एप्रिलमध्ये खरगपूरच्या आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या पूर्वतयारी वर्गात एका प्राध्यापिकेने ऑनलाइन तासाला विद्यार्थ्यांचा अर्वाच्य शब्दांत अपमान केला. त्याची चित्रफीत देशभर पसरली आणि तीव्र निषेध झाला. असा उघड अपमान घडला की समाज निदान खडबडून जागा होतो. परंतु ज्याला शिवी दिली जात नाही, नुसते उत्तर दिले जात नाही, त्याच्या अपमानाची चित्रफीत निघत नसते. त्याने चॅटमध्ये लिहिलेली ओळ वर सरकत जाते आणि नाहीशी होते. दोनदा असे झाले की तिसऱ्यांदा तो लिहीत नाही. मग संयोजक म्हणतो, “हे विद्यार्थी बोलतच नाहीत.”

यावर उपाय सद्भावनेचा नव्हे, हिशेबाचा आहे. संयोजकाने जवळ एक कागद ठेवावा आणि कोण किती वेळा बोलले, कोणाला उत्तर मिळाले, कोणाची शंका तशीच राहिली याच्या खुणा करीत जावे. वर्ग संपल्यावर तो कागद पाहिला तर पुष्कळांचा स्वतःविषयीचा भ्रम दूर होईल. पुरुष किती वेळा बोलले आणि स्त्रिया किती वेळा, शहरातले किती आणि खेड्यातले किती, हे आकडे खोटे बोलत नाहीत. हा कागद एखाद्या सहकाऱ्याने ठेवला तर अधिक चांगले. कारण बोलणाऱ्याला स्वतःच्या बोलण्याची लांबी नेहमी कमीच वाटते.

मोकळेपणाचा गैरसमज

‘इतके नियम कशाला? चर्चा मोकळी असू द्या, ज्याला बोलायचे तो बोलेल’, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो ऐकायला लोकशाहीचा वाटतो. प्रत्यक्षात तो बलवानांच्या सोयीचा आहे. अमेरिकेतील स्त्रीमुक्ती चळवळीच्या कार्यकर्त्या जो फ्रीमन यांनी १९७० साली एका भाषणात या प्रश्नाची मांडणी केली आणि ती पुढे जगभर गाजली. ज्या गटात नियम नसतात तेथे सत्ता नसते असे नव्हे. तेथे सत्ता अदृश्य असते, एवढेच. मग ती आवाज मोठा असलेल्याकडे, ओळखी असलेल्याकडे, फावला वेळ असलेल्याकडे आपोआप जाते. बाजाराला मोकळे सोडले की धनिकाचे फावते, हे ज्यांना समजते त्यांना चर्चेला मोकळे सोडले की कोणाचे फावते हे समजायला हरकत नसावी.

तेव्हा नियम हवेत. पण थोडे, सर्वांना आधी सांगितलेले आणि संयोजकालाही लागू असलेले. एकदा बोललेल्याने इतर सर्वांना संधी मिळेपर्यंत थांबावे. कोणी बोलत असताना दुसऱ्याने माइक सुरू करू नये. जात, धर्म, लिंग, बोली यांवरून टोमणा आला तर संयोजकाने तेथल्या तेथे, सर्वांसमक्ष तो अमान्य करावा. कारण अशा वेळी संयोजकाचे मौन ही संमतीच ठरते. उलट एखाद्याची शब्दाची किंवा उच्चाराची चूक असेल तर ती सर्वांसमोर काढू नये.

त्याचबरोबर बोलण्याची सक्तीही नको. वर्गातून एकेकाचे नाव पुकारून ‘तुमचे मत सांगा’ असे म्हणत गेले की चर्चेची तोंडी परीक्षा होते. ज्याला त्या दिवशी ऐकायचेच आहे, त्याला ऐकू द्यावे. कॅमेरा सुरू ठेवण्याचा आग्रह तर अनेकदा निर्दयपणाचा ठरतो. आपले घर, घरातली अडचण, घरातली माणसे परक्यांनी पाहावीत की नाही, हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. वर्गाचे मुद्रण होणार असेल तर ते आधी सांगावे. नोकरीवर असलेली किंवा गावातल्या सत्तेविरुद्ध बोलू पाहणारी माणसे मुद्रणाच्या भीतीने गप्प राहतात.

बोलण्याला पर्याय मात्र अनेक ठेवता येतात. सहा-आठ जणांचे लहान गट करावेत. पन्नासांपुढे न बोलणारी व्यक्ती सहा जणांत सहज बोलते. वर्ग संपल्यावरही आठवडाभर व्हॉट्सॲपवर चर्चा सुरू ठेवावी. बीडमधून ऊसतोडीला गेलेला कामगार सायंकाळच्या सातच्या वर्गाला हजर राहू शकणार नाही. पण रात्री फडावरच्या खोपटात बसून आपले म्हणणे बोलून पाठवू शकेल. देवनागरी टंकलेखन न जमणाऱ्यालाही असा ध्वनिसंदेश सोपा पडतो. मग पुढच्या वर्गाच्या आरंभी तो संदेश सर्वांना ऐकवणे, हे संयोजकाचे कर्तव्य ठरते. एरवी पर्याय दिला पण दखल घेतली नाही असे होईल.

प्रश्नाचा दर्जा

एवढे सर्व सांभाळूनही प्रश्नच निर्जीव असेल तर चर्चा होणार नाही. समजा, विषय रोजगार हमीचा आहे. ‘महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा कोणत्या साली झाला?’ या प्रश्नाला एकच उत्तर आहे: १९७७. ज्याला ते ठाऊक आहे तो सांगतो, आणि विषय संपतो. त्याऐवजी, ‘काम मागायला निघालेल्या शेतमजुराची पहिली अडवणूक कोठे होते आणि कोण करतो?’ असे विचारले तर ज्याने कायदा वाचला नाही पण कामाची मागणी केली आहे, तो वर्गातला सर्वांत जाणकार माणूस ठरतो. मग कायद्याचे कलम आणि त्याचा अनुभव ही दोन्ही एकमेकांसमोर येतात आणि दोहोंच्या भेटीतून नवी समज निर्माण होते.

ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरी यांनी १९६३ साली आंजिकोस या गावी सुमारे ३०० कष्टकऱ्यांचे साक्षरता वर्ग चालवले, तेव्हा त्यांनी ‘वर्ग’ हा शब्दही टाकून दिला आणि ‘संस्कृतिमंडळ’ म्हटले. ‘शिक्षका’च्या जागी ‘समन्वयक’ आणला. शिकवण्याचे शब्द त्यांनी कष्टकऱ्यांच्या रोजच्या जगण्यातून निवडले. ४० तासांत माणसे लिहूवाचू लागली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या स्थितीबद्दल प्रश्न विचारू लागली. १९६४ साली लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा फ्रेरींना तुरुंगात टाकण्यात आले आणि पुढे देश सोडावा लागला. साक्षरतेला सत्ताधाऱ्यांचा विरोध नव्हता. त्यांना भय वाटले ते प्रश्न विचारणाऱ्या माणसांचे.

प्रश्नाइतकेच महत्त्व समारोपाला आहे. पुष्कळ संयोजक समारोपात स्वतःचे मत पुन्हा एकदा मांडतात. समारोपाचे खरे काम निराळे आहे. कोणत्या मुद्द्यांवर एकमत झाले, कोठे मतभेद उरले आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नव्हते, हे तीन भागांत सांगावे. आणि ज्याचा मुद्दा होता त्याचे नाव घेऊन सांगावे. पहिल्यांदाच बोललेल्या माणसाला शेवटी आपले वाक्य, आपल्या नावासह, दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आले, तर पुढच्या वर्गात तो पुन्हा बोलल्यावाचून राहणार नाही.

श्रमाचा प्रश्न

एवढी काळजी घ्यायची तर वेळ लागतो, हे कबूल केले पाहिजे. शंका वाचायच्या, राहून गेलेल्यांना फोन करायचा, ध्वनिसंदेश ऐकायचे, प्रश्न तयार करायचे, हे तासाबाहेरचे काम आहे. एका शिक्षकापुढे दोनशे विद्यार्थी बसवून त्याच्याकडून विचारपूर्वक चर्चेची अपेक्षा करणे म्हणजे दांभिकपणा होय. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या प्राध्यापकाला मोबदला मिळतो तो तासाचा. तासाबाहेरच्या या श्रमाचा मोबदला कोण देणार? ऑनलाइन शिक्षण स्वस्त पडते असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा बहुधा हाच श्रम हिशेबातून वगळलेला असतो, किंवा चर्चाच वगळलेली असते. तेव्हा चांगल्या चर्चेची मागणी ही पर्यायाने लहान वर्गांची, पुरेशा शिक्षकांची आणि त्यांच्या श्रमाच्या योग्य दामाचीही मागणी आहे. संयोजकाचे कौशल्य कितीही असले तरी ते फोनची, जोडणीची आणि शिक्षकांची उणीव भरून काढू शकत नाही.

चळवळीच्या अभ्यासवर्गांना मात्र ही सबब पुढे करता येणार नाही. तेथे गट लहान असतात, माणसे स्वेच्छेने येतात आणि परीक्षा नसते. तेथे तरी पन्नासांतले शेहेचाळीस जण मूक का राहावेत? संयोजकाचे काम एकाच ज्येष्ठ कार्यकर्त्याकडे कायमचे असण्याचेही कारण नाही. दर वर्गाला नवा संयोजक नेमावा, जुन्याने त्याच्या शेजारी बसून खुणांचा कागद ठेवावा आणि वर्गानंतर दोघांनी तो मिळून पाहावा. चर्चा चालवायला शिकण्याची याहून चांगली शाळा नाही. जो आज काळ्या चौकटीमागे गप्प आहे, तोच काही महिन्यांनी वर्ग चालवू लागला, तर ती त्या वर्गाची खरी परीक्षा आणि खरे यश.

लोकशाहीची व्याख्या पुस्तकात काहीही असो. व्यवहारात ती अशा लहान वर्गांतून शिकली जाते. ज्याला पन्नास जणांच्या वर्गात आपले मत मांडता आले, तो उद्या ग्रामसभेत उभा राहील, तलाठ्याला जाब विचारील, पक्षाच्या बैठकीत पुढाऱ्यालाही अडवील. ज्याला वर्गातच गप्प बसण्याची सवय लागली, त्याच्याकडून बाहेर बोलण्याची अपेक्षा कशी करावी? येत्या आठवड्यात ज्यांना वर्ग घ्यायचे आहेत, त्या कार्यकर्त्यांनी विषयाची टिपणे जरूर काढावीत. पण त्याबरोबर एक कोरा कागदही जवळ ठेवावा, आणि त्यावर प्रथम त्यांची नावे लिहावीत जे गेल्या वर्गात एकदाही बोलले नव्हते.